फसलेलं इंजिनकाम: त्याच गॅरेजला परत की दुसऱ्या मेकॅनिककडे?

जुनी डिझेल व्हॅन, हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं म्हणून इंजिन खोललं, बिल भरलं आणि पंधरा दिवसात तापमानाचा काटा परत वर. इथपर्यंत आला असाल तर पुढचं तुमच्या कामाचं आहे. गॅस्केट का जातं, ओव्हरहीट का होतं हे सांगत बसत नाही, एव्हाना ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ झालं असेल. प्रश्न एवढाच की ज्याने केलं त्याच्याच दारात परत जायचं का दुसरा बघायचा. मी दोन्ही करून बसलोय, आधी तीन चकरा जुन्या गॅरेजला आणि मग दुसरीकडे.

जुन्याच गॅरेजला परत न्यायच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. काय बदललं, काय तसंच ठेवलं हे त्यांना माहीत असतं. मजुरी परत मागत नाहीत, निदान मागू नये. आणि प्रकरण पुढे तक्रारीपर्यंत गेलंच तर समोरचा पहिला प्रश्न हाच टाकतो की बाबा, तुम्ही त्यांना सुधारायची संधी दिली होती का? त्यामुळे एक चक्कर तरी तिथे मारावीच लागते, मनात असो वा नसो. शिवाय चूक प्रामाणिकही असू शकते. डिझेलला एकाच इंजिनसाठी दोन-तीन जाडीची गॅस्केटं येतात, कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून ओळखायची, आणि कुठली लावायची हे पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून ठरतं. घाईत चुकीची लागली असं होतं. बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्टही एकदाच वापरायचे असतात, कारण ते आधी ठरावीक टॉर्कला आणि मग वरून ठरावीक अंशात फिरवून मुद्दाम ताणलेले असतात, एकदा ताणला की परत ती पकड येत नाही. "बोल्ट चांगले दिसत होते म्हणून तेच टाकले" असं कुणी सरळ कबूल केलं आणि नवे टाकून दिले तर मी म्हणेन तिथेच थांबा, दुसरीकडे पैसे घालू नका.

फुकटचं काम रांगेत शेवटी जातं हा त्रास आहेच. गाडी आठ दिवस कोपऱ्यात, कुणीतरी बॉनेटवर पाने ठेवलेत, आणि काम शेवटी नवख्या पोऱ्याच्या हातात. पण ते मी सहन केलं असतं.

माझं डोकं फिरलं ते कूलंटवरून, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यावरून. दर वेळी गाडी परत मिळायची ती कूलंटची बाटली काठोकाठ भरून आणि वर "ट्रायल घेतली, एकदम ओके, एअर लॉक होता फक्त". आता एअर लॉक होतो, खोटं नाही, इंजिन भरल्यावर हवा नीट काढली नाही तर काटा नाचतो. पण तीन वेळा? आणि मला तर हेच बघायचं होतं ना की पाणी कमी होतंय का, किती किलोमीटरला किती होतंय, आणि हे लोक भरून द्यायचे की सगळा हिशोब पुन्हा शून्यावर. तिसऱ्या वेळी मी गाडी द्यायच्या आधी बाटलीवर काळ्या मार्करने लेव्हलची रेघ मारली, बाजूला तारीख आणि किलोमीटर लिहिले, फोटो काढला आणि सांगून आलो की भरू नका, आधी किती उतरलंय ते बघा. चार दिवसांनी गाडी आणायला गेलो तर बाटली लखलखीत. पाणी वरच्या खुणेपर्यंत, आणि मार्करची रेघ पुसून टाकलेली. थिनर लावल्याशिवाय ती जात नाही, मी घरी दुसऱ्या बाटलीवर करून बघितलं. मुद्दाम पुसली का, गाडी स्वच्छ करून द्यावी म्हणून कुणी फडकं मारलं, देव जाणे. मी विचारलं तर म्हणे "साहेब, गाडी धुवून दिलीय". झालं. तिथेच माझं ठरलं.

हे काय मोजमाप नाही, मान्य आहे. तुमचं गॅरेज तसं नसेलही.

दुसऱ्या मेकॅनिककडे न्यायचे तोटे खरे आहेत, ते आधी सांगतो. त्याने इंजिनला हात लावला की जुना मोकळा: "दुसऱ्याने खोललंय, आता आमची जबाबदारी नाही". मजुरी नव्याने भरायची. आणि प्रत्येक मेकॅनिकला आधीच्याचं काम भिकारच दिसतं, हा या धंद्यातला जुना रोग आहे, त्यामुळे तो जे बोलेल त्यातलं अर्धं सोडून द्यायचं.

मला भेटला त्याने एक बरं केलं, लगेच खोललं नाही. गाडी रात्रभर ठेवून घेतली, सकाळी इंजिन थंडगार असताना रेडिएटरचा वरचा होज मला दाबून बघायला लावला. दगडासारखा कडक. रात्रभर गार झालेल्या सिस्टिममध्ये एवढं प्रेशर राहायला नको. मग सुरू करून बाटलीच्या तोंडावर ते निळं लिक्विड असलेली नळी लावली. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर त्याचा रंग बदलतो, पेट्रोलला पिवळा होतो, डिझेलला हिरवट. पहिली पाच मिनिटं निळंच राहिलं आणि मला वाटलं की जुन्या गॅरेजवाल्याला उगाच शिव्या घातल्या. तर हा म्हणाला थांबा, डिझेल आयडलला असताना धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, रेस देऊन बघू. थोडी रेस दिली आणि हळूहळू हिरवट झाकळ आली. त्याचा व्हिडिओ काढला. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मळी होती, पण तो म्हणाला जवळजवळच्या चकरा मारणाऱ्या गाडीला ती नुसत्या ओलीनेही येते, त्यावर जाऊ नका. स्वतःच्या फायद्याचा पुरावा त्याने बाजूला सारला, तेव्हा मला माणूस बरा वाटला.

मग मी जुन्या गॅरेजला मेसेज टाकला: अमुक दिवशी दुसरीकडे हेड उतरवणार आहोत, यायचं तर या. "बघतो" म्हणाले, आले नाहीत. पण तो मेसेज राहिला. तुम्ही दुसरीकडे जाणार असाल तर एवढं तरी कराच. जुनं बिल, जॉब कार्ड, किलोमीटर, आणि खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो. काढलेले पार्ट टाकू देऊ नका, पिशवीत घालून घरी आणा, घरचे बोलतील, बोलू द्या.

हेड उतरलं. बिलात "हेड फेसिंग", म्हणजे हेडचा तळ मशीनवर सपाट करणं, लिहिलेलं होतं. याने हेडवर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवली आणि फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) 0.10 मिमीचं पातं मधल्या दोन सिलिंडरच्या मध्ये खाली सरकवलं. अलगद गेलं. बऱ्याच इंजिनांना 0.05 मिमीच्या आसपास वाक चालतो, माझ्या इंजिनाची कंपनीची मर्यादाही तेवढीच. फेसिंग झालंच नव्हतं, ग्राइंडरला डिस्क लावून जुनं गॅस्केट खरवडलेलं होतं, त्याचे गोल ओरखडे उजेडात धरले की स्पष्ट दिसत होते. त्या डिस्कची पूड ऑइलमध्ये गेली तर बेअरिंगांची वाट लागते, म्हणून ऑइल आणि फिल्टर आधी काढून टाकला.

आता जुन्या गॅरेजच्या बाजूनेही सांगायला हवं. थर्मोस्टॅटही (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) अडकत होता, गरम पाण्यात टाकून बघितला तर अर्धवटच उघडला. म्हणजे पहिलं गॅस्केट ज्या कारणाने गेलं असेल ते कारण तसंच राहिलं होतं, आणि फेसिंग नीट केलं असतं तरी इंजिन तापून ते पुन्हा गेलं असतं कदाचित. पण थर्मोस्टॅट बघायचं काम कुणाचं होतं, असंही मग विचारता येतं.

फोटो, व्हिडिओ आणि ते पातं सरकवतानाची क्लिप घेऊन जुन्या गॅरेजला गेलो. आवाज चढवला नाही. फेसिंगचे आणि गॅस्केटचे पैसे परत मिळाले, मजुरीचे नाही. मी सोडून दिलं, तुम्ही सोडू नका असं म्हणणारे भेटतील, त्यांना गाडीशिवाय महिना काढायला लावा.

तिसरा पर्याय लोक सुचवतात, भंगारातून दुसरं इंजिन आणून बसवायचं. ब्लॉकच फाटला असेल तर ठीक, नाहीतर अनोळखी इंजिनाचं गॅस्केट कधी जाणार ते आणखी कुणाला माहीत.

तुमच्या गॅरेजवाल्याने गाडी बघायच्या आधी "किती पाणी खाते?" असं विचारलं असेल तर त्याला एक संधी द्या, मनापासून. न विचारता भरूनच दिलं असेल तर मी तरी दुसऱ्यांदा नेणार नाही. फक्त जाताना बाटलीवरची रेघ मार्करने न मारता टोकदार खिळ्याने हलकीशी ओरखडून घ्या, प्लास्टिकला भोक पडणार नाही इतपत. माझी अजून आहे, पाणी तिथेच आहे.