भाड्याचा फ्लॅट सांभाळणारी सेवा: दोन वर्षांचा अनुभव
जुळे सोलापुरातील माझा कर्जाचा फ्लॅट गेली दोन वर्षे एका स्थानिक व्यवस्थापन सेवेकडे आहे. भाडेकरूची पोलीस पडताळणी आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार सक्तीची असलेली करारनोंदणी त्यांनी घरी येऊन, बोटांचे ठसे घेऊन चोख पार पाडली. मात्र पाण्याची टाकी गळत असल्याचे मला आठ दिवसांनी, तेही भाडेकरूकडून कळले. जिथे नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्या शहरात ही दिरंगाई अक्षम्य आहे. पूर्ण हप्ता भाड्यातून निघेल असे गृहीत धरू नका, हा त्यांचा सल्ला मात्र मोलाचा ठरला, कारण मध्यंतरी दोन महिने फ्लॅट रिकामा असतानाही हप्ता दर ५ तारखेला खात्यातून जातच होता. वर्षाला एका महिन्याचे भाडे, ही त्यांची फी मला रास्त वाटते.