इअरप्लग्ज घालून रॉक ऐकतोय, आणि आता त्याशिवाय गिगला जात नाही

पुण्यात गिग, म्हणजे बँडचा लाइव्ह कार्यक्रम, आहे म्हणलं की मी जातोच. आधी कॉलेज फेस्टमधले बँड, मग मुंढवा-कोरेगाव पार्कातले पब, मग वीकेंडर हा म्युझिक फेस्टिव्हल, आणि उभा राहणार कायम पुढ्यात, डाव्या स्पीकरला चिकटून, कारण बेस छातीत वाजला नाही तर मग घरी हेडफोनवरच ऐकलेलं काय वाईट. दोन वर्षांपूर्वी एका छोट्याशा पबमधून रात्री बाहेर पडलो तर डाव्या कानात बारीक शिट्टी, शेजारच्या बिल्डिंगमधला कुकर लांबून ऐकू यावा तशी, झोपून उठलो की जाईल म्हणलं, ती तीन दिवस राहिली. फार घाबरलो. कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) केली आणि म्हणाले, या वेळी वाचलात, पुढच्या वेळचं मी सांगू शकत नाही.

मग वाचायला बसलो. ८५ डेसिबल आवाज कानाला आठ तास चालतो, पण वर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं. बंद हॉलमध्ये ड्रम्स आणि दोन गिटार अँप असले की १०० सहज होतात. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये कानांमुळेच टूर अर्ध्यात सोडावी लागली होती, ती बातमी तेव्हा वाचून मी पुढे गेलो होतो, आता परत वाचली.

आधी मेडिकलमधले फोमचे बोळे घातले. आवाज कमी होतो, पण झांजा, हाय-हॅट सगळं गायब आणि गोधडीखालून बँड ऐकल्यासारखं वाटतं. मग एटिमोटिक कंपनीचे ईआर-२० एक्सएस इअरप्लग्ज घेतले. रबराच्या तीन छत्र्या एकावर एक आणि आत छोटासा फिल्टर, जो बारीक आणि जाड आवाज जवळपास सारखेच खाली आणतो, त्यामुळे गाणं तेच राहतं, फक्त व्हॉल्यूम उतरतो. नावातल्या २० पैकी निम्मे डेसिबल जरी पदरात पडले तरी १०० चे ९० होतात, आणि त्या १५ मिनिटांचे अडीच तास होतात. आख्खी गिग बसते की!

खरं पटलं ते परिक्रमाच्या वेळी. दिल्लीचा बँड, १९९१ पासूनचा, आणि त्यांचं ‘बट इट रेन्ड’ मी कॉलेजपासून ऐकतोय. काश्मीरमधल्या अपहरणांवरून सुचलेलं गाणं आहे ते, पण लाइव्हमध्ये शब्द कायम गिटारच्या भिंतीमागे जायचे, मी आठवणीतूनच भरून काढायचो. प्लग घालून ऐकलं तर प्रत्येक ओळ स्वच्छ, ड्रमरने झांज हाताने धरून थांबवली तेसुद्धा ऐकू आलं, आणि गाणं संपेपर्यंत माझे डोळे भरून आले होते. मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस आले तेव्हाही हेच, ‘नोव्हेंबर रेन’मधला स्लॅशचा गिटार सोलो जराही कान न चावता पोचला.

एक गोष्ट मात्र सांगतो, कुठलेही प्लग घेतलेत तरी सोबत गायला लागलात की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. मला सवय व्हायला चार-पाच गिग लागल्या. घालताना दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा आणि मगच आत सरकवायचा, नाहीतर फट राहते आणि काही उपयोग होत नाही. घरी आल्यावर साबणाच्या पाण्याने धुवायचे. दोन साईज मिळतात, बारीक कान असतील तर लहान घ्या.

माझी बहीण ढोल पथकात आहे, तिथे पोरं अजून कापसाचे बोळे घालून टिळक रोडला तासन्‌तास वाजवतात आणि कापसाने आवाज फारसा अडत नाही. यंदा तिला एक जोडी घेऊन दिली, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच ती फोनवर नॉर्मल आवाजात बोलली.