नव्या खोक्यातले जुने शॉकअप

माझी आल्टो २००८ सालची आहे. २०२३ च्या पावसाळ्यानंतर गतिरोधक ओलांडला की तिचा मागचा भाग दोन-तीनदा हेलकावे खाऊ लागला आणि मागच्या दोन्ही शॉकअपच्या (धक्के शोषणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) नळ्यांवर तेल पाझरलेले दिसले, म्हणून ते घरीच बदलायचे मी ठरवले. अशी कामे मी पूर्वी केली आहेत; घात झाला तो खरेदीत.

पुण्यातील नाना पेठेत एका दुकानदाराने नामांकित कंपनीच्या खोक्यातली जोडी दाखवली. पक्के बिल हवे असेल तर २८ टक्के जीएसटी वर पडेल, असे तो म्हणाला. छापील किमतीत कर धरलेलाच असतो हे ठाऊक असूनही मी साध्या चिठोऱ्यावरची पावती घेऊन आलो.

खोक्यावर 'गॅस' असे छापलेले होते. दाबाखाली गॅस भरलेला नवा शॉकअप बहुधा नळीत सरकणारा दांडा आत दाबून पट्टीने बांधलेला येतो आणि पट्टी कापताच दांडा आपोआप सावकाश बाहेर सरकतो. माझ्या जोडीला पट्टी नव्हती आणि हाताने आत दाबलेला दांडा तिथेच राहिला. हे पाहूनही मी पाना हाती घेतला, याचे आजही नवल वाटते. बाकी काम मात्र यथासांग केले: गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल सोडले, गाडी घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) घेतली, शॉकअप सुटताच मागच्या चाकांना जोडणारा आस खाली लोंबून स्प्रिंग निसटू नये म्हणून त्याखाली जॅक लावला आणि खालचे बोल्ट चाकांवर भार आल्यावरच पक्के आवळले.

तीन आठवड्यांत मागून ठकठक सुरू झाली आणि एका नळीवरून तेल ओघळले. दोन्ही शॉकअप काढून थिनरच्या फडक्याने पुसले, तेव्हा काळ्या रंगाखाली जुना रंग निघाला, नळीच्या वरच्या टोकाला ती कापून पुन्हा जोडल्याचे वेल्डिंगचे कडे दिसले आणि निर्मितीची खूण घासून टाकलेली आढळली. म्हणजे कुणाच्या तरी गाडीतले निकामी शॉकअप तेल भरून, रंगवून मला विकले होते.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, घरी बसवलेत ना? दांडा पकडीत धरला असणार, सील गेले." पकडीने दांड्यावर ओरखडा उठला तर तेल अडवणारे सील खरोखरच जाते, त्यामुळे त्याचे म्हणणे ऐकणाऱ्याला पटण्यासारखे होते, आणि माझ्या दांड्यांवर ओरखडा नाही हे दाखवल्यावर तो माल आपला नव्हेच, असे त्याने सांगितले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर प्रथम बिलाचीच विचारणा झाली. बिल न देणे हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, परंतु मी ते मागितलेच नव्हते.

दुसरी जोडी दुसऱ्या दुकानातून घेतली. तिथे गल्ल्यासमोरच दोन्ही पट्ट्या कापायला लावल्या, दोन्ही दांडे सारख्याच गतीने बाहेर आले, आणि बिल हातात पडल्यावर मी पैसे दिले.