पेटीची कड मोजली आणि तिथेच फसलो

करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत विहिरींवरच्या आणि बोअरवरच्या मोटारी काढणे, दुरुस्त करणे आणि परत सोडणे हा माझा धंदा असून त्यासाठी माझ्याकडे एक छोटा हत्ती टेम्पो आहे. पान्हे, पाइप रेंच, चेनपुली, केबल जोडायचे सामान आणि मोटारीचे इन्सुलेशन तपासायचा मेगर हे सारे अनेक वर्षे पोत्यांत आणि बादल्यांत भरून हौद्यात पडलेले असे. गेल्या उन्हाळ्यात मी केबिनला लागून हौद्यात ठेवण्यासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी लोखंडी पेटी करून घ्यायचे ठरवले. गाडी अधूनमधून दुसऱ्या भाड्यालाही जात असल्यामुळे पेटी कायमची बसवून चालणार नव्हते. चार बोल्ट काढले की दोन्ही बाजूंच्या कड्यांना साखळी अडकवून ती भरलेली तशीच खाली उतरवता आली पाहिजे, ही माझी मुख्य अट होती.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चांगल्या कारागिरांची वाण नाही, आणि माझी तक्रार त्या पेठेबद्दल नाही. मी ज्या वर्कशॉपमध्ये गेलो तिथे बाहेर ठेवलेले नमुने खरोखरच नीटनेटके होते. बोलणी झाली ती अशी : सगळा पत्रा 16 गेजचा, म्हणजे 1.6 मिलिमीटर जाडीचा; आत तीन खण आणि ते सरकवायला 100 किलो पेलणारे चॅनेल; झाकणाला कडेने रबर आणि वरून पावडर कोटिंग. किंमत 27,000 रुपये. पैकी 15,000 आगाऊ दिले, त्यातले 5,000 फोनवरून आणि बाकीचे रोख. हा सगळा तपशील मालकांनी स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे पेनने लिहून दिला. पक्के बिल हवे असेल तर 18 टक्के जीएसटी वर पडेल, असे ते म्हणाले. ती रक्कम 4,860 रुपये होत होती, आणि ती वाचवण्याच्या मोहात मी बिलाशिवाय व्यवहार केला. ही चूक सर्वस्वी माझी आहे आणि पुढे तीच सर्वांत महागात पडली.

पेटी ताब्यात घेताना मी डोळे मिटून घेतली असे मात्र नाही. खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला, झाकण उघडले आणि झाकणाच्या कडेला लावून पाहिला, तर आकडा 1.7 आला. एक दशांश रंगाचा धरला तरी माप बरोबर भरत होते, म्हणून मी समाधानाने उरलेले पैसे मोजले. मी मोजत असताना मालक शेजारी उभे राहून नुसते हसत होते, आणि त्या हसण्याचा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला.

जुलैमध्ये गगनबावड्याच्या रस्त्याला एका विहिरीवर काम निघाले. पावसाने बांध निसरडा झाला होता, त्यामुळे पेटी गाडीतून उतरवून विहिरीजवळ नेण्यासाठी आम्ही तिपाई उभी करून चेनपुली लावली. पेटी हौद्यापासून हातभर वर गेली असेल-नसेल, तोच उजव्या बाजूची कडी पत्र्याच्या टिकलीसकट उपटून आली आणि पेटी कलंडून हौद्याच्या फाळक्यावर आदळली. माझा मदतनीस क्षणभर आधी बाजूला झाला नसता तर त्याचा पाय गेला असता. कडीचे वेल्डिंग अजिबात सुटलेले नव्हते, ते जसेच्या तसे कडीला चिकटून होते. फाटला होता तो पत्रा. फाटलेल्या जागेवर व्हर्नियर लावला, तर आकडा दिसला 0.8.

मग झाकणाची कड नीट पाहिली. हाताला कापू नये म्हणून पत्र्याची कड आत दुमडतात, ती चांगल्या कामाचीच पद्धत आहे. पण दुमडलेल्या कडेला माप लावले म्हणजे पत्रा दोनदा मोजला जातो. 0.8 आणि 0.8 मिळून 1.6, आणि वरचा रंग. माझ्यासारखा व्हर्नियर बाळगणारा माणूस नेमका तिथेच माप लावणार, हे त्या गृहस्थांना पक्के ठाऊक होते.

ज्यांना अशी पेटी करून घ्यायची आहे त्यांनी कडेला हात न लावता कुलपाच्या किंवा तळाच्या बोल्टच्या भोकात माप घ्यावे, कारण तिथे पत्रा एकेरी असतो. त्याहून सोपा उपाय वजनकाट्याचा आहे. एक चौरस मीटर लोखंडी पत्र्याचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरमागे 7.85 किलो भरते. माझ्या पेटीच्या सहा बाजू मिळून 28.5 चौरस फूट, म्हणजे साधारण 2.65 चौरस मीटर होतात. 1.6 मिलिमीटरचा पत्रा असता तर नुसते खोके 33 किलोंचे झाले असते. त्यात तळाची 40 बाय 40 बाय 5 मिलिमीटरच्या अँगलची चौकट साधारण 10 किलोंची. म्हणजे खण धरण्यापूर्वीच 43 किलो व्हायला हवे होते. ऊस मोजायच्या काट्यावर नव्हे, आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याकडच्या काट्यावर मी पेटी रिकामी करून ठेवली, तर खण, चॅनेल आणि बिजागऱ्यांसकट ती 38 किलो भरली. हे गणित मी पेटी ताब्यात घेण्याच्या दिवशी केले असते तर पाच मिनिटे लागली असती.

एकदा संशय आल्यावर बाकीचेही उघडे पडले. थिनरमध्ये भिजवलेले फडके घासले तर ते निळे झाले. भट्टीत नीट भाजलेले पावडर कोटिंग असा सहज रंग सोडत नाही, म्हणजे हा साधा फवाऱ्याचा रंग होता. चॅनेल स्वयंपाकघराच्या फर्निचरला लावतात तसे निघाले. रबर कोपऱ्यांत जोडलेच नव्हते, आणि तिथून गेलेल्या पाण्याने माझा मेगर भिजून बंद पडला.

फाटलेली कडी घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेलो, तेव्हा मालकांनी आवाजही चढवला नाही. “मालक, तुम्ही सोताच्या हातानं मोजून घेतलासा की,” एवढेच ते म्हणाले, आणि वरून पट्टी मारून देण्याची तयारी दाखवली. कार्ड पुढे केले तर त्यावर सही नव्हती, तारीख नव्हती आणि माझे नावही नव्हते.

माझी भाची वकिली करते. तिने सांगितले की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू सहसा बसत नाही, परंतु जो माणूस स्वतः राबून पोट भरण्यासाठी ती वापरतो त्याला ग्राहकच मानले जाते. तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगाकडे शुल्क पडत नाही. 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. कायदा माझ्या बाजूचा होता, पण माझ्या हातात पुरावा म्हणून फोनवरच्या 5,000 रुपयांची नोंद तेवढी होती. “मामा, 4,860 रुपयांत तुम्ही अख्खी केस विकलीत,” असे ती म्हणाली, आणि मला उत्तर सुचले नाही.

अखेर ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्या काकांनी मध्यस्थी केली, तेव्हा 6,000 रुपये परत मिळाले. नवी पेटी मी शिरोलीत करून घेतली. पत्रा वाकवण्यापूर्वी बोलावून दाखवा, पत्र्याचे गेज बिलावर लिहा आणि पेटी काट्यावर ठेवून द्या, या तिन्ही अटी त्या कारागिराने कुरकुर न करता मान्य केल्या. ती 56 किलो भरली. कड्या थेट पत्र्याला न जोडता आतून तळाच्या अँगलपर्यंत नेलेल्या पट्ट्यांना जोडून घेतल्या आहेत, त्यामुळे उचलताना सगळा भार चौकटीवर येतो.

जुनी पेटी गोठ्यात आहे. खण काढून तिच्यात म्हशीची पेंड ठेवतो, आणि कडी उपटल्याच्या भोकावर आईने तेलाच्या डब्याचे झाकण ठोकून घेतले आहे.