तळ्यातला कीटक घ्यावा की राळेतला?

भाचीला कीटकाचा एक जीवाश्म घ्यायचाय आणि ती अडकलीय दोन गोष्टींत: अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या फ्लोरिसंटचा शेल (प्राचीन तळ्याच्या गाळाचा, पापुद्र्यांचा दगड) की बाल्टिक अंबर (झाडाची राळ, जिचा जीवाश्म झालाय).

वयावरून ठरवण्यात अर्थ नाही. फ्लोरिसंट सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वीचं, अंबरही इओसीन काळातलंच.

बारकावे म्हणाल तर अंबरला तोड नाही. दहापटीच्या भिंगातून पायांवरचे केससुद्धा मोजता येतात. शेलमधला कीटक चपटा झालेला, काळपट डाग म्हणा ना. पण पंखांच्या शिरा बघा! ओळख पटवायला बरेचदा तेवढ्या पुरतात. ज्वालामुखीच्या राखेतून तळ्यात सिलिका आली, डायटम (पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ) माजले, त्यांच्या चिकट थराने बुडालेले किडे झाकले गेले. म्हणून नाजूक पंखही टिकले.

आकारात मात्र तळं जिंकतं. राळेत बहुतेक चिलटं, मुंग्या. मोठा किडा धडपडून सुटतो. फ्लोरिसंटला फुलपाखरं मिळालीत, आणि आज जवळपास फक्त आफ्रिकेत उरलेली त्सेत्से माशीही.

जपणूक दोन्हींची कटकटीचीच. शेलचे पापुद्रे सुटतात, अंबर उन्हात तडकतं. फसवणूक अंबरात फार. मिठाच्या दाट पाण्यात खरं अंबर तरंगतं, पण कोपल (अजून अंबर न झालेली, कमी जुनी राळ) हाही तरंगतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. फ्लोरिसंटच्या संरक्षित स्मारकातून दगड उचलायला बंदी आहे. शेल घेताना तो खासगी खाणीतला आहे ना, हे विचारा.

भिंग घेऊन तासन्‌तास बसणाऱ्याने अंबर घ्यावं. अख्ख्या तळ्याकाठचं जग समजून घ्यायचं असेल, तर शेल. भाचीला मी शेलच सुचवलाय.