माणसांचं शुगर मीटर कुत्रीसाठी : आठ महिने वापरल्यावर

मागच्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मीटर गेलं. स्ट्रिप घातली तर पडदा कोरा. सेल बदलला, सेलच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, देवापुढे ठेवायचं तेवढं राहिलं. घेऊन आठ महिने झाले, वॉरंटी एक वर्षाची, म्हणून कस्टमर केअरला फोन लावला.

"पेशंटचं नाव, सर?"

"चिंगी."

"वय?"

"नऊ."

"अरेरे, एवढ्या लहान वयात!" पोरगी खरंच हळहळली. "तपासण्याआधी हात साबणाने धुता ना?"

"हात नाही, कान पुसतो."

इथे जीभ आवरायला हवी होती. पण आयुष्यभर कॅशियरकी केली, खरं बोलायची खोड जात नाही. पाच मिनिटं गाणं ऐकवून उत्तर आलं की उपकरण फक्त मानवी वापरासाठी आहे, प्राण्यावर वापरल्यामुळे वॉरंटी रद्द. म्हटलं, बाई, १८८९ साली स्ट्रासबर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढलं ते कुत्र्याचं, तेव्हा कळलं डायबेटिस कुठून होतो. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन आधी टोचून पाहिलं तेही कुत्र्यांनाच. आणि मीटर कुत्र्याला चालत नाही? ती म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का, सर?"

आतून आई ओरडली, "अरे, माझं नाव सांगायचं की!" मीटर मुळात तिच्याचसाठी घेतलं होतं. तिची शुगर गोळ्यांवर असते, महिन्यातून एकदा बघतो. त्याच आठवड्यात चिंगी बादलीतलं पाणी पिऊन पिऊन घरभर मुतायला लागली, तपासलं तर हिचीही शुगर. कुत्र्यांसाठी वेगळी मीटरं मिळतात, पण किमती पाहून मी पान बंद केलं. दोघींच्या टोचण्या अर्थात वेगळ्या.

आता मीटरचं. मापतं कसं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते स्ट्रिपच्या डबीच्या झाकणाबद्दल.

हे झाकण ज्याने बनवलं त्याने आयुष्यात कधी कुत्रं धरलेलं नाही. एका हातात चिंगीचा कान उलटा करून धरायचा, दुसऱ्यात टोचणी, मग मीटर कोण धरणार हाच प्रश्न, त्यात झाकण उघडायला दोन अंगठे आणि दातओठ लागतात. आधीच स्ट्रिप काढून ठेवावी तर आमच्या साताऱ्याचा जुलै. पंधरा मिनिटं बाहेर राहिलेली स्ट्रिप एरर दाखवायची. एक स्ट्रिप एकोणीस रुपयांना पडते. पहिल्या महिन्यात अकरा वाया गेल्या, वहीत लिहिलंय, दोनशे नऊ रुपये. शेवटी डबी दोन बाजूंच्या चिकटपट्टीने टीपॉयला चिकटवली, तेव्हा कुठे एका अंगठ्याने झाकण उडायला लागलं. उडताना मोठ्ठा "टक्" आवाज होतो. आई दचकायची.

रक्त कुठून काढायचं यावर बरेच जण ओठ सुचवतात. ओठाला लाळ मिसळते आणि आकडा बिघडतो. कानाच्या कडेला गरम पाण्यात पिळलेला रुमाल अर्धा मिनिट धरा आणि मग टोचा, थेंब येतोच. टोचून झालं की उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा.

पहिल्या दोन महिन्यांत मी याला एक तारासुद्धा दिला नसता. लॅबमध्ये ३८६ आली, त्याच क्षणी मीटर ३१२ म्हणालं. मीटर डॉक्टरांच्या टेबलावर आपटणारच होतो. त्यांनी समजावलं की माणसाच्या रक्तातली बरीच साखर तांबड्या पेशींत असते, कुत्र्याच्या रक्तातली बहुतेक बाहेरच्या पाण्यात, प्लाझ्मात. मीटरचं गणित माणसाचं, म्हणून कुत्र्याची शुगर ते सहसा कमी दाखवतं. "एका आकड्याला धरून बसू नका, चढ-उतार बघा. आणि मला विचारल्याशिवाय इन्शुलिनचा डोस हलवू नका." तेव्हापासून रोजचं तपासणं बंद केलं. पंधरा दिवसांतून एक दिवस सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर दोन तासांनी तपासायचं आणि कागद डॉक्टरांना दाखवायचा. सात स्ट्रिपा, १३३ रुपये. दिवसाला दोनच्या हिशेबाने पंधरवड्याला ५७० जात होते.

पण शुगर काही उतरेना. डोस दोन्ही वेळा पाच युनिटवरून सातवर गेला, मीटर तरी साडेतीनशेच दाखवतंय. मी मीटरला शिव्या घालत होतो. एकदा चूक सिरिंजची निघाली. आपली इन्शुलिनची कुपी ४० युनिटवाली, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते, दुकानदाराने नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० वाली, दिली होती. त्यातली सात म्हणजे प्रत्यक्षात तीनसुद्धा नव्हेत. उलटी चूक झाली असती, १०० ची कुपी आणि लाल टोपण, तर अडीचपट गेलं असतं आणि चिंगी दगावली असती. घरी कुणाचंही इन्शुलिन असेल तर आज उठून टोपणाचा रंग बघा.

सिरिंज बदलूनही तीनशेच्या खाली येईना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "हीटवर कधी आली होती?" एप्रिलमध्ये. कुत्रीत हीटनंतर, म्हणजे माज येऊन गेल्यावर, अंडाशयातलं जे हार्मोन वाढतं त्याच्यापुढे इन्शुलिनची मात्रा चालत नाही. अंडाशय आणि गर्भाशय काढायचं आम्ही नऊ वर्षं पुढे ढकललं होतं, कारण खर्च. ऑगस्टमध्ये शिरवळच्या व्हेटरनरी कॉलेजात ऑपरेशन करून घेतलं. येताना खंबाटकी घाटात ती गाडीत ओकली, बाकी सगळं नीट. म्हणजे दोन महिने मीटर खरं बोलत होतं आणि मी त्यालाच खोटं पाडत होतो.

ऑपरेशननंतर शुगर खाली येऊ शकते, लक्ष ठेवा, असं सांगितलं होतं. नवव्या दिवशी तिने सकाळी अर्धंच खाल्लं, मी मात्र सवयीने सगळा डोस टोचला. अकराच्या सुमाराला आई म्हणाली, "ही बघ कशी दारूड्यासारखी चालतेय." मागचे पाय एकमेकांत अडकत होते, मान लटलटत होती. झाकण टक्, कान, थेंब, ४८. ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात कालवली आणि बोटाने हिरड्यांवर चोळत बसलो, घशात ओतली नाही. आई माझ्या डोक्यावरून वाकून "चिंगे, चिंगे" करत होती. पंधरा मिनिटांनी ७१. मग तिने दूधभात खाल्ला आणि माझी बोटं चाटून साफ केली. डॉक्टरांनी डोस चारवर आणला. त्या दिवशी सातशे रुपयांचं मीटर वसूल झालं, हे मान्य.

नोव्हेंबरपर्यंत दोन्ही डोळ्यांत दुधी पडदा आला. डायबेटिसच्या कुत्र्यांत मोतीबिंदू झपाट्याने होतो, साखर भिंगात साचते आणि भिंग पाणी धरतं. आता तिला जवळपास दिसत नाही. घरातला टीपॉय आम्ही इंचभरही हलवत नाही. हाक मारली तर कधी येते, कधी नाही. पण झाकण टक् वाजलं की घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून भिंतीला अंग घासत येते, टीपॉयला नाक लावते आणि डावा कान माझ्याकडे करून बसते. तपासायचा दिवस नसला तरी आई तिला बोलवायला झाकण वाजवते. स्ट्रिपांना हवा लागते म्हणून आमचं भांडण झालं, मग मी तिला रिकामी डबी दिली.

तर पाचपैकी तीन. एक तारा वॉरंटीचा कापला, एक झाकणाचा. झाकणाचा परत द्यावा का यावर दोन दिवस विचार केला. नाही देत, दोनशे नऊ रुपये गेलेत.

दुसऱ्या कंपनीचं घेणार होतो. पण ऑफरमध्ये घेतलेले पन्नासचे दोन सीलबंद डबे कपाटात पडलेत, एकोणीसशे रुपयांचा माल, आणि या स्ट्रिपा दुसऱ्या मीटरला चालत नाहीत. तेव्हा तेच मॉडेल परत मागवलं. काल आलं. नोंदणी आईच्या नावावर केली आहे, वय अठ्ठ्याहत्तर, आणि फोन आला तर तीच बोलेल असं ठरलंय.