गुहागर की गणपतीपुळे? दोघांच्या मुक्कामासाठी कुठलं बरं

मुंबई-पुण्याहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गोवा गाठायचा असेल आणि फार घाई नसेल, तर एक रात्र रत्नागिरी जिल्ह्यात पडतेच. आंजर्ला, मुरूड, कर्दे हे दापोलीकडचे मुक्काम पहिल्या रात्रीला ठीक आहेत. तारकर्ली-देवबाग गोव्याच्या इतकं जवळ आहे की थेट तिथेच जाऊन थांबलं, तर मधला सगळा किनारा नुसता धावत पार केल्यासारखा होतो. त्यामुळे मधल्या रात्रीसाठी बहुतेकांची गाडी गुहागर आणि गणपतीपुळे या दोन नावांवर येऊन अडते. घरची सगळी मंडळी बरोबर असतील तर कुठेही राहा, मजा येतेच. पण दोघंच जाताय, लग्नाचा वाढदिवस आहे किंवा लग्नानंतरची पहिली मोठी सहल आहे, तर त्या एका संध्याकाळकडून अपेक्षा वेगळ्या असतात. मी बायकोबरोबर दोन्हीकडे राहिलो आहे. माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, ते पुढे दिसेलच. तरी दुसरी बाजू आधी नीट मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे.

गणपतीपुळ्याची खरी चैन म्हणजे उंचावरून दिसणारा समुद्र. भंडारपुळ्याच्या चढावर, पुढे नेवरे आणि आरे-वारेच्या बाजूला अशा खोल्या मिळतात की पडदा सारला की समोर फक्त पाणी. रात्री गॅलरीत बसलं की लांबवर मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसतात, वारा सतत असतो, आणि आपण दोघंच आहोत असं वाटायला जो आडोसा लागतो तो तिथे पैसे मोजून का होईना, पण मिळतो. खोल्याही एकंदरीत जास्त सजवलेल्या. गुहागरला समुद्र दिसणारी खोली फारशी मिळत नाही. गाव सपाट, किनाऱ्याला समांतर पसरलेलं, आणि घरं व समुद्र यांच्यामध्ये नारळ-पोफळीच्या वाड्या आणि सुरूचं बन. खिडकीतून दिसते ती पोफळ. ज्यांच्या मनातल्या चित्रात गॅलरी, दोन खुर्च्या आणि मावळता सूर्य आहे, त्यांना मी गुहागरचा आग्रह करणार नाही.

गणपतीपुळ्याची आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडते: देवळाची प्रदक्षिणा. डोंगरच गणपतीचं रूप मानलेला असल्यामुळे प्रदक्षिणा सबंध टेकडीला घालायची, साधारण एक किलोमीटरची. दर्शनाची गर्दी मागे पडली की या फरसबंद वाटेवर एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला लाटांचा आवाज असतो. गर्दीचा दिवस सोडून गेलात तर दोघांनी हळूहळू चालायला त्या परिसरात याहून चांगली वाट मला माहीत नाही. शनिवार-रविवार, अंगारकी आणि नाताळची सुटी मात्र टाळा. तेव्हा किनाऱ्यावर उंट, घोडे, सेल्फी आणि शहाळ्यांच्या गाड्या यांच्यामधून वाट काढावी लागते.

आता माझ्यापुरता निकाल कशाने लागला ते सांगतो. पोचल्यावर पुन्हा गाडी काढावी लागते, एवढीच ती गोष्ट.

ऐकायला किरकोळ वाटेल. पण सागरी मार्गाने दिवसभर गाडी चालवून पोचलेल्या माणसाला विचारा. खाडी आली की उतार, खाडी ओलांडली की चढ, मग सडा म्हणजे वरचं खडकाळ पठार, परत उतार. रस्ता अरुंद, वळणावर पलीकडचं काही दिसत नाही, आणि नेमक्या त्याच वळणावर समोरून एसटी येते. सहा-सात तास असे गेले की खांदे अवघडलेले असतात. एकदा हँडब्रेक ओढला की सकाळपर्यंत किल्लीकडे बघूही नये असं वाटतं.

आम्ही भंडारपुळ्याच्या चढावर उतरलो होतो. खोली सुरेख, समुद्र समोर. चहा झाला, बायको म्हणाली, पाण्यात पाय घालून येऊ. समुद्र दिसत होता खाली, पण खाली जायला रस्त्यानेच वळसा, म्हणजे गाडी. डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो. आम्ही देवळाजवळच्या पार्किंगच्या रांगेत असताना समोरच्या बसच्या काचेवर तांबूस उजेड दिसला, तोच आमचा सूर्यास्त. जेवणाचं तेच. हॉटेलात जेवण होतं, पण फक्त नेहमीचं पनीर आणि नूडल्स. मासे हवे असतील तर खाली जा, असं काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे सांगितलं. बायकोने विचारलं, "आता परत खाली जायचं?" आम्ही गेलो. जेवण चांगलं झालं, पण परतताना अंधाऱ्या चढावर दोघंही गप्प, माझी नजर रस्त्यावर आणि तिची डिपर न देणाऱ्या समोरच्या गाड्यांवर. खोलीवर पोचलो तेव्हा झोपण्यापलीकडे अंगात काही उरलं नव्हतं. खोलीत काही कमी नव्हतं, संध्याकाळच हातची गेली. उंचावरचं प्रत्येक हॉटेल असंच असेल असं म्हणणार नाही. खाली किनाऱ्याला लागून एमटीडीसीचा रिसॉर्ट आहे, तिथे जागा मिळाली तर हा मुद्दा बराचसा निकालात निघतो. पण मग उंचावरचा तो देखावा गेला, आणि गणपतीपुळ्याला राहण्याचं माझ्या मते मुख्य कारणही गेलं.

गुहागरला उलट. गावात किनाऱ्याला समांतर दोन आळ्या, खालचा पाट आणि वरचा पाट, आणि मधे व्याडेश्वराचं देऊळ. रस्त्याच्या पश्चिमेकडच्या घरांच्या वाड्या मागे थेट किनाऱ्याच्या बाजूला निघतात. यातल्या कित्येक घरांत आता राहण्या-जेवणाची सोय आहे. अंगणात गाडी लावायची, सामान आत टाकायचं, आणि यजमानीण काकूंनी "चहा आल्यावर घ्याल की आत्ता?" असं विचारलं की "आल्यावर" म्हणून चपला काढून मागच्या दाराने निघायचं. वाडीत नुकतंच शिंपण झालेलं असतं, त्यामुळे पायाखाली गार माती, पोफळींच्या बुंध्याशी पाण्याचे बारीक दांड. टोकाला बेडं, म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक. त्याचे दोन बांबू सरकवायचे, पलीकडे जाऊन परत लावायचे, कारण गुरं आत येतात. मग सुरूच्या काड्यांचा मऊ थर, आणि एकदम मोकळी वाळू. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. किनारा पाच-सहा किलोमीटर लांब, त्यामुळे लोक असले तरी पांगलेले. असगोलीच्या दिशेने थोडं चालत गेलं की तुम्ही दोघं आणि ओली वाळू, बस. सूर्य बुडाल्यावरही उठायची घाई नाही, कारण परत जायला फक्त पाय लागतात. जेवण तयार असतं, आणि जेवून पुन्हा पंधरा मिनिटं किनाऱ्यावर जाऊन यावंसं वाटलं तर तेही जमतं. आम्ही गेलो होतो. त्या पंधरा मिनिटांचा दीड तास झाला.

नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर जाताना टॉर्च मारत फिरू नका. ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात आणि उजेडाने बिचकतात. वनविभाग ती अंडी कुंपणाच्या आत जपतो, आणि फेब्रुवारीनंतर पिल्लं समुद्रात सोडली जातात. तुमच्या सहलीत तो योग आला तर सकाळचा गजर लावून उठाच.

गुहागरच्या उणिवाही आहेत. घरगुती मुक्काम म्हटलं की एकांताला मर्यादा आल्या. ओटीवर यजमान बसलेले असतात, शेजारच्या खोलीत दुसरं कुटुंब, भिंती पातळ. पहाटे वाडीला पाणी सोडायचा पंप सुरू झाला की झोप मोडते. डास आहेत, मलम घेऊन जा. बऱ्याच घरांत जेवण शुद्ध शाकाहारी: कुळथाचं पिठलं, आमटी, फणसाची भाजी, सोलकढी, आणि आधी सांगितलं तर उकडीचे मोदक. मला ते जेवण कोणत्याही थाळीपेक्षा प्रिय आहे, पण माशांशिवाय कोकण नाही असं वाटणाऱ्यांनी फोनवरच विचारून घ्यावं. आणि पावसाळ्यात माझा कौल बदलतो. समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर बसता येत नाही, वाडीत चिखल. जून ते ऑगस्टमध्ये उंचावरची गॅलरी केव्हाही बरी.

खाड्यांचा हिशेबही यात धरावा लागतो. उत्तरेकडून येताना दाभोळ-धोपावे फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडली की गुहागर आलंच. गणपतीपुळ्याला त्याच दिवशी जायचं तर पुढे तवसाळ-जयगड ही दुसरी फेरी गाठावी लागते. ती हुकली तर राई-भातगाव पुलावरून वळसा. म्हणजे दुपारपासून डोळे घड्याळाकडे, आणि वाटेतलं वेळणेश्वर, हेदवी गाडीतूनच बघायचं. रेवस-रेडी सागरी महामार्गावरचे खाडीपूल पूर्ण झाले की हे चित्र पालटेल. सध्या तरी फेरीबोटींच्या वेळा धरूनच आखणी करावी, आणि त्या त्याच आठवड्यात फोन करून विचाराव्यात.

गुहागरला राहिल्याने गणपतीपुळं सुटतही नाही. सकाळी घावन खाऊन व्याडेश्वराचं दर्शन घ्या, पालशेतवरून वेळणेश्वरला थोडं थांबा, हेदवीला दशभुज गणपती आणि भरतीची वेळ साधली तर बामणघळ बघा. घळीत पाणी घुसून उंच उसळतं, ते दृश्य विसरता येत नाही. मग तवसाळहून जयगड, आणि पुढे वीसेक किलोमीटरवर गणपतीपुळे. आदल्या रात्रीची विश्रांती झालेली असल्यामुळे प्रदक्षिणेची ती वाटही निवांत चालता येते. त्यानंतर आरे-वारेच्या चढावर गाडी बाजूला घेऊन दोन्ही किनारे एका नजरेत बघा आणि रत्नागिरीकडे उतरा. उंचावरच्या समुद्राची हौस तिथे बऱ्यापैकी फिटते.

खोली ठरवताना फोटो बघून पैसे भरू नका. फोन करून एवढंच विचारा: घर रस्त्याच्या पश्चिमेला आहे का, आणि तुमच्या वाडीतून मागच्या मागे किनाऱ्यावर जाता येतं का. दोन्हीला होकार मिळाला तर एसी आहे की नाही याला मी फारसं महत्त्व देणार नाही. वाडीच्या बाजूची, घरापासून थोडी सुटी असलेली खोली मागून घ्या. रात्री उशिरा किनाऱ्यावरून परत येणार आहोत हेही आधीच सांगा, म्हणजे मागचं दार कोणी आतून लावून घेणार नाही.